‘पुरे’ कोणी म्हणायचं?

१९८६ साली पुण्यात एका घरातून दुसऱ्या घराकडे एक लाख रुपये गेले. देणारे पु. ल. आणि सुनीता देशपांडे, घेणारे डॉ. अनिता आणि अनिल अवचट. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांवर अवचटांनी लिहिलेली लेखमाला देशपांडे पती-पत्नींनी वाचली होती. या मुलांसाठी काही उभं राहणार असेल तर पैसे देण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्यातून येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

ही हकिकत महाराष्ट्रात अनेकदा सांगितली गेली आहे, बहुधा दातृत्वाचा नमुना म्हणून. पण तिच्यात दोन घरं आहेत आणि दोन्हींचं अर्थकारण वेगळं आहे. एका घराची कमाई पुस्तकं, रंगभूमी आणि व्याख्यानांतून आलेली. त्यातला मोठा वाटा प्रतिष्ठान काढून समाजाकडे वळवलेला. दुसऱ्या घरात मिळवती बाई. अनिता अवचट सरकारी मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. अनिल अवचटांनीही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरकी केली होती, पण ती व्यवसाय म्हणून न करता ते लिहीत राहिले आणि घर व दोन मुली सांभाळत राहिले. एका पगारात जेवढं बसेल तेवढ्याच गरजा ठेवायच्या, हा दोघांनी मिळून केलेला ठराव होता. त्याबद्दल अवचटांनी ‘स्वतःविषयी’ आणि इतर पुस्तकांतून मोकळेपणाने लिहिलं.

त्या लेखनाने मराठी मध्यमवर्गात एक जुनाच वाद नव्याने पेटवला. घराला पैसा किती लागतो? त्यातला आपला किती, दुसऱ्याचा किती? खर्च करणं हा दोष आहे की हक्क? आणि घरातल्या एकाने ‘पुरे’ म्हटलं तर ते बाकीच्यांना लागू होतं का? गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नांवर कोणकोणत्या बाजू मांडल्या गेल्या आणि त्यातलं काय अजून सुटलेलं नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

इंद्रायणीतली खतं

मराठीत पैसा आणि घर यांचा विचार सुरू करायचा तर देहूपाशी थांबावंच लागतं. तुकाराम महाराजांच्या घरची सावकारी होती. चरित्रपरंपरा सांगते की विरक्ती आल्यावर त्यांनी लोकांच्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटा भाऊ कान्होबा आड आला. तुम्ही साधू झालात, मला संसार करायचा आहे, अशा अर्थाचं तो बोलला. मग कागदांची वाटणी झाली. अर्धे कान्होबाला दिले आणि आपल्या वाट्याचे तेवढे तुकोबांनी नदीत सोडले.

कथेत सहसा भर दिला जातो तो बुडवण्यावर. या लेखाच्या दृष्टीने वाटणी जास्त महत्त्वाची. उदार होताना तुकोबांनी भावाच्या हिश्शाला हात लावला नाही. मात्र पत्नी आवलीच्या वाट्याचा कागद वेगळा काढल्याचं कोणी सांगत नाही. तिच्या वाट्याला आलं ते रिकामं घर, आणि परंपरेने तिला कजाग ठरवलं. देणाऱ्याचं नाव आणि घर चालवणारीची ओढाताण यांचं हे नातं पुढे अनेक चरित्रांत पुन्हा भेटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देण्याला सार्वजनिक रूप आलं. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेसाठी दारोदार फिरले. ‘भाऊबीज’ म्हणून दरवर्षी निधी गोळा करण्याची त्या संस्थेची रीत आजही आहे. शिक्षणासाठी लागणारी देणगी बहिणीच्या ओवाळणीत बसवण्याची ही कल्पना फार हुशारीची होती, कारण ती थेट घराच्या सणखर्चात शिरली. कर्व्यांना मोठे दातेही मिळाले. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये त्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी देऊ केली. पण संस्थेची मुळं टिकली ती छोट्या पावत्यांवर.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी गावोगाव मुष्टिफंड गोळा होई. दळायला बसताना बाईने एक मूठ धान्य बाजूला टाकायचं. पैसा नसलेल्या घरालाही देता येईल असं हे माप होतं. आणि एकदा मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र काढून दिलं. त्या काळात ते गळ्यातून उतरवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

विनोबांनी तर मागणीच कुटुंबाच्या भाषेत केली. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या, असं ते जमीनदारांना सांगत. दान म्हणून मागितलं असतं तर देणारा वरच्या पायरीवर राहिला असता; वाटणी म्हणून मागितल्यामुळे मागणारा घरातला झाला. पुढे लाखो एकर जमीन जाहीर झाली, पण तिच्यातली बरीचशी नापीक, वादातली किंवा कागदावरच राहिलेली निघाली. जाहीर केलेलं देणं आणि हातात पडलेलं देणं यांतलं अंतर तेव्हापासून या चर्चेत आहे.

टंचाईतून भरलेल्या दुकानाकडे

स्वातंत्र्यानंतरची पहिली चाळीस वर्षं मराठी मध्यमवर्गाने टंचाईत काढली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा, टेलिफोनसाठी तसंच, दूध कार्डावर, साखर आणि रॉकेल रेशनवर. काटकसर हा तेव्हा गुण होता हे खरं, पण ती निवड नव्हती. आजचे आजी-आजोबा ‘आमच्या वेळी’ म्हणतात तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि वाद भरकटतो.

त्या काळाचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे खर्चाची वही. जुनी डायरी किंवा लांबट, आडव्या रेघांची वही. वरती ‘श्री’. खाली दूधवाला, इस्त्री, भाजी, धाकट्याची फी, ताईची साडी, विम्याचा हप्ता. महिनाअखेरीला बेरीज जुळली नाही की एक ओळ वाढे : ‘किरकोळ’. तिच्याशेजारी बहुतेक घरांत आणखी एक ओळ असे : ‘वर्गणी’. गणपतीची वर्गणी, पूरग्रस्तांसाठी दिलेले रुपये, कुठल्याशा वसतिगृहाच्या मुलाचं वारावरचं जेवण. रक्कम लहान, पण ती वहीत होती आणि घरात सगळ्यांना दिसत होती.

महागाईने ही वही रस्त्यावरही आणली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने मुंबईतल्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चाला निघाल्या. स्वयंपाकघराचा हिशेब हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी सरकारला ऐकवलं. त्याच दशकात बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदींच्या पुढाकारातून ग्राहक चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची रीत थांबून पाहण्याजोगी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात. पुढच्या महिन्याची यादी आधीच भरून द्यायची. ठरलेल्या दिवशी माल संघातल्या एका घरी उतरतो. तूरडाळीची पाकिटं एकीकडे, साबण दुसरीकडे, तेलाच्या पिशव्या तिसरीकडे; यादीवर खुणा करत सभासदच मोजून आपापला वाटा उचलतात. इथे दुकानाची काच नाही आणि जाहिरातही नाही. काय लागणार आहे हे महिनाभर आधी लिहावं लागत असल्याने यादी करतानाच विचार होतो. उपभोगाला विरोध न करता त्याला शिस्त लावण्याचा हा मार्ग मराठी मध्यमवर्गाने स्वतः शोधलेला आहे आणि त्याची म्हणावी तितकी दखल घेतली गेलेली नाही.

मग १९९१ आलं. उदारीकरणाबरोबर नंबर लावणं संपलं आणि निवडणं सुरू झालं. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीपाशी क्रॉसरोड्स मॉल उघडला. २००२ मध्ये पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान आलं. पगार वाढले, कर्ज सोपं झालं, आणि ज्या घरात उधारी लपवायची गोष्ट होती तिथे हप्ता ही सांगायची गोष्ट झाली.

याच काळात ‘चंगळवाद’ हा शब्द रुळला. त्याच्याबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठी घरात ‘चंगळ’ ही मूळची आनंदाची गोष्ट. आमरसाची चंगळ, सुट्टीत मामाकडे झालेली चंगळ. क्वचित मिळायची म्हणून तिला ते नाव. तिला ‘वाद’ जोडला आणि शब्द आरोप झाला. चर्चेला सुरुवात करताना हा शब्द वापरला की निकाल आधीच लागलेला असतो. ‘उपभोग’ म्हटलं तर प्रश्न थोडा उघडा राहतो.

गरजा कमी ठेवणारे

पहिली भूमिका साधेपणाची. अवचट तिचे सगळ्यात वाचले गेलेले प्रतिनिधी. ते उपदेश फारसा करत नाहीत, जगणं दाखवतात. त्यांच्या लेखनात ओरिगामी आहे, लाकडातलं कोरीवकाम आहे, बासरी आहे, स्वयंपाक आहे. एक चौकोनी कागद घ्यायचा, घडी घालायची, नखाने ती घट्ट दाबायची, उलटून पुन्हा घालायची. थोड्या वेळात हातात पक्षी. खर्च एका कागदाचा. छंद हा बाजारातून विकत घ्यायचा नसतो, हे अवचटांनी असं करून सांगितलं. त्यांचा मुख्य मुद्दा वेळेचा होता : कमी पैशांत भागतं म्हणून वेळ मिळतो, आणि वेळ मिळतो म्हणून हमाल, विडी कामगार, दुष्काळी गावं यांच्याकडे जाता येतं.

दिलीप कुलकर्णी हे या भूमिकेचं दुसरं, जास्त काटेकोर रूप. अभियंत्याची नोकरी सोडून ते पौर्णिमा कुलकर्णींसह दापोलीजवळच्या कुडावळे गावी राहू लागले. ‘निसर्गायण’सारखं लेखन आणि ‘गतिमान संतुलन’ हे मासिक यांतून त्यांनी पर्यावरणाच्या बाजूने मांडणी केली. अवचटांचा साधेपणा माणसाकडून सुरू होतो, कुलकर्ण्यांचा पृथ्वीकडून. वस्तू परवडते का हा प्रश्न त्यांच्या लेखी अपुरा आहे; ती निसर्गाला परवडते का, हे आधी विचारायचं.

या भूमिकेची ताकद अशी की ती करून दाखवलेली आहे. तिच्यावरचा आक्षेपही तितकाच सरळ आहे : ती निवडता येण्यासाठी हाताशी काहीतरी असावं लागतं. शिक्षण, ओळखी, एक पक्का पगार, आजारपणात धावून येणारी माणसं. ज्याच्याकडे हे काहीच नाही त्याच्या घरातल्या कमी वस्तूंना साधेपणा म्हणत नाहीत.

खर्चाच्या बाजूने

दुसरी भूमिका म्हणते, खर्चाकडे इतक्या संशयाने पाहू नका. तिच्यात दोन वेगळे धागे आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

एक धागा अर्थशास्त्राचा. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई. सगळ्यांनी एकदम हात आखडला तर मागणी घटते, कामं जातात आणि शेवटी बचतही होत नाही, हे केन्सने जगाला समजावलं. इचलकरंजीच्या मागावर बसणाऱ्याला, येवल्यात पैठणी विणणाऱ्याला, सोलापुरात चादरी काढणाऱ्याला लोकांनी कमी घ्यावं ही शिकवण कितपत मानवेल? लग्नसराईवर मांडववाल्यापासून फुलवाल्यापर्यंत किती घरं चालतात, हे कोणत्याही तालुक्याच्या गावात दिसतं.

दुसरा धागा प्रतिष्ठेचा, आणि या लेखाच्या मते तो जास्त वजनदार आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की जातीची खूण दाखवणारी लुगड्याची पद्धत आणि कथला-चांदीचे दागिने सोडा, नीटनेटकं नेसा, स्वच्छ राहा. ज्यांना चांगलं वस्त्र वापरण्याची बंदी होती त्यांच्यासाठी चांगलं लुगडं ही चंगळ नव्हती, ते बंड होतं. गांधींनी कपडे कमी केले, बाबासाहेबांनी सूट घातला. दोघांच्या कपड्यांत दोन राजकारणं होती. म्हणून साधेपणाचा आग्रह सगळ्यांना एकाच आवाजात करता येत नाही. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलाने आईला घेतलेला फ्रिज आणि चौथ्या पिढीतल्या घराने बदललेला तिसरा टीव्ही या दोन्ही खरेद्याच, पण त्यांचा अर्थ वेगळा.

त्याच बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षेनंतर नागपूरला अनुयायांना कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचं आवाहन केलं. चांगलं राहा आणि वाटा काढून द्या, ही दोन्ही वाक्यं एकाच विचारात बसतात. मराठी मध्यमवर्गीय चर्चेने हे उदाहरण फारसं वापरलेलं नाही, आणि ही तिची मोठी उणीव आहे.

आकडे या बाजूला थोडा आधार देतात. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतात घरखर्चातले सुमारे ५९ टक्के खाण्यावर जात. २०२२-२३ मध्ये ते प्रमाण ४६ टक्क्यांवर आलं. शहरांत ते ४८ वरून ३९ टक्क्यांवर उतरलं. पोट भरल्यावर उरणारा पैसा वाढला, आणि तो चपला, फोन, प्रवास, शिकवण्या, औषधं यांच्याकडे गेला. हे कल्याण म्हणायचं की बाजाराचा विजय, यावर दोन्ही बाजू आपापला अर्थ लावतात. शिकवणीची फी आणि दवाखान्याचं बिल तर धड चैनीतही बसत नाही.

दान की दाम

तिसरी भूमिका शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची. १९८०च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांनी शहरी घराच्या वहीवरच बोट ठेवलं. भाजी-धान्याचे भाव पाडून शहराचा घरखर्च आटोक्यात ठेवला जातो, आणि मग तेच शहर दुष्काळात खेड्याला मदत पाठवतं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा दातृत्वाच्या साऱ्या गौरवकथांना प्रश्न विचारते. काटकसरी गृहिणीने कांद्यात वाचवलेले चार रुपये कोणाच्या खिशातून आले?

कामगारांच्या बाजूनेही हेच विचारलं गेलं. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्यांना दिवाळीला जुनी साडी नको होती असं नाही, पण त्याआधी पगार, रजा आणि बोनस हवा होता. औदार्याआधी न्याय, हा या भूमिकेचा गाभा. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनीही १९७२ मध्ये, पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या पार्श्वभूमीवर, वेगळ्या वाटेने असाच मुद्दा मांडला. मोठं काही न गमावता कोणाचा जीव वाचवता येत असेल तर देणं हे पुण्य नाही, कर्तव्य आहे. डोळ्यांसमोर तळ्यात बुडणारं मूल आणि हजार मैलांवरचं मूल यांत फरक का करावा, हा त्यांचा प्रश्न जगभर गाजला. मराठी घराची सवय मात्र ओळखीच्याला, गाववाल्याला, आपल्या शाळेला देण्याची आहे.

वही कोणाच्या हातात

चौथी भूमिका स्त्रियांच्या लेखनातून आणि चळवळीतून आली. हिने बाकीच्या तिघींना अस्वस्थ केलं.

सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा महाराष्ट्र चपापला. लाडक्या लेखकाच्या घराचा कारभार कोण, कसा आणि कोणत्या किमतीवर चालवत होतं, हे प्रथमच आतून कळलं. नामवंतांच्या औदार्यामागेही कोणीतरी व्यवहार सांभाळत असतं. लंडनला शिकणाऱ्या बाबासाहेबांमागे परळच्या चाळीत रमाबाई काढत होत्या ते दिवस सगळ्यांना माहीत आहेत. महाराष्ट्राच्या परिवर्तनवादी चळवळींत तर नवरा पूर्णवेळ कार्यकर्ता आणि बायको शिक्षिका किंवा नर्स, ही इतकी ओळखीची मांडणी आहे की तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही.

अवचटांचं घर इथे वेगळं उठून दिसतं. कमावणारी अनिता होती हे त्यांनी लपवलं नाही, आणि घरकामाचा वाटा उचलला. तरी १९७०च्या दशकात ही मांडणी चालण्यासाठी त्या पगाराची हमी लागली, हेही तितकंच खरं.

चळवळीने सुचवलेला उपाय म्हणजे पैसा बाईच्या नावावर असणं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ झालं. सावकाराकडे भांडी-दागिने गहाण टाकणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळालं. १९९७ मध्ये म्हसवडला चेतना सिन्हांच्या प्रयत्नांतून माणदेशी महिला बँक सुरू झाली. गावोगावच्या बचत गटांनी डब्यात, तांदळाखाली दडवलेला पैसा पासबुकात आणला. मात्र पासबुक तिच्या नावाचं आणि निर्णय त्याचा, अशी घरं आजही कमी नाहीत.

देण्याच्या नव्या रीती

१९८०च्या दशकापासून महाराष्ट्रात देण्याचं शास्त्र करण्याचेही प्रयत्न झाले. सामाजिक कृतज्ञता निधी हा त्यातला सुंदर प्रयोग. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर, बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी तो उभा केला, आणि नामवंत नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग त्यासाठी केले. कार्यकर्त्यालाही घर असतं, त्याच्याही मुलांची फी भरावी लागते, हे इथे उघडपणे मान्य केलं गेलं. नावातला ‘कृतज्ञता’ हा शब्द देणाऱ्याला ऋणको ठरवतो.

त्याआधी, १९७०च्या दशकातच, अमेरिकेतल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र फाउंडेशन काढलं होतं. दैनिक ‘लोकसत्ता’ गणेशोत्सवात दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून देतं आणि वाचक धनादेश पाठवतात. पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं. पितरांच्या नावाने पान वाढायच्या दिवसांत लोक तिथे संस्थांच्या टेबलांवरून फिरतात, माहिती घेतात आणि आईवडिलांच्या स्मरणार्थ पावती फाडतात. कर्व्यांच्या भाऊबीजेसारखीच ही युक्ती : घराच्या जुन्या विधीत नवा धर्म बसवायचा.

कंपन्यांसाठी तर कायदाच झाला. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या १३५व्या कलमाने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चणं बंधनकारक केलं. त्यामुळे संस्थांकडे पैसा आला. त्याबरोबर अहवाल, तक्ते आणि मोजता येईल अशाच कामाचा आग्रहही आला. व्यसनी मुलाच्या आईशी तासभर बोलत बसण्याचं माप कुठल्या रकान्यात भरायचं, अशी खंत कार्यकर्ते बोलून दाखवतात. दुसरीकडे, हिशेब मागितलाच पाहिजे, भावनेवर चाललेल्या अनेक संस्था ढिसाळपणातच बुडाल्या, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

जे सुटलेलं नाही

पहिला अनिर्णित प्रश्न बचतीचा. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार घरांची निव्वळ आर्थिक बचत २०२२-२३ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली. कित्येक दशकांतली ही नीचांकी पातळी. लोक कर्जात बुडताहेत, असा एक अर्थ काढला गेला. अर्थ मंत्रालयाने दुसरा सांगितला : लोक कर्ज काढून घरं आणि वाहनं घेत आहेत, म्हणजे बचतीचं रूप बदललं आहे. दोन्ही अर्थांना आधार आहे, कारण घर ही मालमत्ताही आहे आणि वीस वर्षांचा हप्ताही.

दुसरा कराचा. जुन्या पद्धतीत विमा, भविष्य निर्वाह निधी आणि ‘८०जी’खालची देणगी यांना सवलत असे, मार्च महिन्यात घराघरांत त्यासाठी पावत्या शोधल्या जात. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत व्यक्तींना या वजावटी नाहीत. सवलतीशिवाय माणसं किती देतील? देणाऱ्यांचा एक गट म्हणतो, खरं दान आता दिसेल. संस्था चालवणारे चिंतेत आहेत.

तिसरा दिसण्याचा. वहीतली ‘वर्गणी’ची ओळ घरातल्या मुलांना दिसत होती. आता वडील फोनवरून दोन हजार पाठवतात आणि शेजारी बसलेल्या मुलीला कळतही नाही. तिला दिसतं ते रोज दारात येणारं खोकं. मुलं खर्च बघून शिकतात. देणं बघायला मिळालं नाही तर ती ते कुठे शिकणार, याचं उत्तर साधेपणावाल्यांकडेही नाही आणि खर्चवाल्यांकडेही.

आणि चौथा वारशाचा. पुण्या-मुंबईत, नाशिक-ठाण्यात आज अशी हजारो घरं आहेत : सत्तरी ओलांडलेले दोघं, तीस वर्षांपूर्वी घेतलेला आणि आता कोटीत गेलेला फ्लॅट, पेन्शन, मुलं बंगळुरूला किंवा परदेशात. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला, पण या घरांना मुलांकडून पैसे नको आहेत. यांच्यापुढे उलटा प्रश्न आहे. जेवणाच्या टेबलावर मृत्युपत्राचा कच्चा कागद असतो. नवऱ्याला वाटतं अर्धं आपल्या जुन्या शाळेला द्यावं. बायकोला वाटतं मुलीचं लग्न मोडलंय, तिचं आधी बघावं. मुलाने फोनवर ‘मला काही नको’ म्हटलेलं असतं, पण सुनेला कोणी विचारलेलं नसतं. आणि बारा वर्षं रोज सकाळी येऊन पोळ्या करणारी, त्यांच्या पडण्या-झडण्यात धावून येणारी बाई आत ओटा पुसत असते. तिच्यासाठी काही ठेवायचं हे दोघांनाही मान्य आहे. ते देणगीत लिहायचं की इतक्या वर्षांच्या राहिलेल्या पगारात, यावर बोलणं अडलेलं असतं. तिच्या नावापुढचा आकडा अजून पेन्सिलीने लिहिलेला आहे.